बचत गटात नवी आलीस, तर एवढं ऐक

अगं, पहिल्या बैठकांना तू गप्प बसलीस, त्याचं काही नाही. हप्ता अडला तर मात्र गप्प बसू नकोस. १९९२ साली नाबार्ड या शेती-ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेनं बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. बँक आपल्याला तारणाशिवाय कर्ज देते, कारण आपल्या १०-२० जणींचा एकमेकींवरचा विश्वास हेच तारण. म्हणून घरात कुणाचं काम सुटलं, पोर आजारी पडलं, जे असेल ते बैठकीत सांग. बैठकच चुकवू नकोस. सांगितलंस तर मुदत वाढवता येते. दुसरी कुणी अडचण सांगत असेल तेव्हा ‘हिचं नेहमीचंच’ असं कधी म्हणू नको. ते एकदा ऐकलेली बाई पुढच्या वेळी खरं बोलत नाही, गुपचूप सावकाराकडं जाते. आणि गटातलं बोलणं गल्लीत न्यायचं नाही, याबाबत मी फार कडक आहे.

सांभाळून घेणं म्हणजे सूट नव्हे. ठरलेला दंड अध्यक्षीणबाईंनाही लागतो. सचिव लिहिते म्हणून आपण निर्धास्त राहायचं नाही. पासबुकातली नोंद तिथंच ताडून बघ, ठराव वाचल्याशिवाय सही करू नकोस. हिशेब विचारल्यावर कुणी रागावलं, तरी पुन्हा विचार, मी तुझ्या बाजूनं बोलेन.

पदं बदलताना तुझं नाव सुचवणार आहे. ‘मला काय कळतंय’ म्हणू नको. कोषाध्यक्ष हो, सुरुवातीला हिशेबाला मी शेजारी बसते.