अलाइनर हवेत तर घ्या, पण ठेव मोडून नको

खानापूरहून एक वाचक लिहितात: वय २६, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात अकाउंट्सला, पगार २६,०००, त्यातले १०,००० घरी. वरचे पुढचे दात थोडे एकावर एक आलेत. डॉक्टरांनी सांगितलं, तारेच्या क्लिपा लावल्या तर ५०,०००, काढता-घालता येणारे पारदर्शक अलाइनर हवे असतील तर १,८०,०००. अलाइनरचे पैसे एकदम रोख भरले तर १८,००० सूट. घरचे पुढच्या वर्षी लग्नाचं बघतायत, त्यामुळे फोटोत तारा नकोत. म्हणून क्रेडिट सोसायटीतली ८०,००० ची ठेव मोडायची, उरलेले एक लाख 'नो कॉस्ट' हप्त्यांनी, महिना ८,३३३ प्रमाणे वर्षभर भरायचे, असं मनात आहे. करू का?

नका करू, ताई. निदान या पद्धतीनं तरी नको.

आधी ते 'नो कॉस्ट' बघू. हप्ते घेतले की १८,००० ची सूट जाते. म्हणजे उपचाराची खरी किंमत १,६२,०००. त्यातले ८०,००० तुम्ही रोख देणार, मागे उधारी राहिली ८२,००० ची. ती फेडायला वर्षभरात एक लाख मोजणार. महिन्याला मुद्दल उतरत जातं हे धरून हिशेब मांडला, तर व्याज वर्षाला ३८ टक्क्यांच्या आसपास पडतं. बँकेत सोनं ठेवून काढलेलं कर्जसुद्धा याच्या निम्म्याहून कमी व्याजात मिळतं. प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी.

कर्जाच्या कागदांबद्दलही एक सांगतो. आपल्याकडे ते इंग्रजीत नाहीतर कानडीत पुढे येतात आणि आपण बोट दाखवतील तिथे सही करतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यावं लागतं. तुम्ही मराठीत मागा. फक्त त्यातली व्याजाची टक्केवारी शून्य दिसली म्हणून खूश होऊ नका, सोडलेली सूट त्या आकड्यात धरलेली नसू शकते.

शिवाय हे कर्ज फायनान्स कंपनीचं, उपचार दवाखान्याचा. एक थांबला म्हणून दुसरं थांबत नाही. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब ही घरपोच अलाइनर देणारी मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली. उपचार अर्धवट राहिलेल्या हप्तेवाल्या गिऱ्हाइकांना तिनं कळवलं, हप्ते मात्र भरत राहा. तुमचे डॉक्टर असं करतील असं मी म्हणत नाही. पण दीड-दोन वर्षं चालू शकणाऱ्या कामाचे सगळे पैसे पहिल्या दिवशी कुणालाही देऊ नयेत.

आता दातांकडे येऊ, कारण खरी बचत तिथेच आहे. अलाइनरचा खर्च बराचसा किती ट्रे, म्हणजे दातांवर बसवायचे पारदर्शक साचे, लागणार यावर ठरतो. एक ट्रे आठवडा-दोन आठवडे घालायचा, मग पुढचा. दात फार फिरलेले असतील, जबड्यातच दोष असेल किंवा दात काढून जागा करायची असेल, तर काम लांबतं, कधी क्लिपाच बऱ्या पडतात. तुमचे दात "थोडे" एकावर एक आहेत असं तुम्हीच लिहिलंय. मग १,८०,००० चं पॅकेज कशासाठी? कमी ट्रेचं, स्वस्त पॅकेज चालेल का, हे विचारलंत का? पत्रावरून तरी दिसत नाही. हा प्रश्न ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात सरळ करण्यात एमडीएस केलेल्या डॉक्टरांना विचारा. बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. दुसरं मत तिथे घ्या. पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त जातो, पण अशा ठिकाणी खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. तुम्ही रोज बेळगावला ये-जा करताच, त्यामुळे फेऱ्यांचा वेगळा खर्च नाही.

आणि पैसे भरण्याआधी एक दिवस घड्याळ लावून बघा. अलाइनर दिवसाला २० ते २२ तास तोंडात हवेत. खाताना काढायचे, चहा पितानाही काढायचे, कारण गरम चहानं ट्रेचा आकार बिघडतो, रंगही चढतो. म्हणजे जेवण, नाश्ता, चहा, ब्रश सगळं मिळून जेमतेम दोन ते चार तास. ऑफिसात दर तासाला कटिंग येत असेल तर तो मोह सुटणार आहे का? कमी वेळ घातले की दात वेळापत्रकाच्या मागे पडतात, पुन्हा माप, पुन्हा नवे ट्रे. त्याचे पैसे पॅकेजमध्ये आहेत की नाहीत, हे लिहून घ्या. क्लिपांना शिस्तीचा हा त्रास नाही, फक्त ऊस सोलून खाणं, चिक्की वगैरे बंद. बाकी अलाइनरही अगदी अदृश्य नसतात, बऱ्याचदा दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवावे लागतात.

ठेवीचं म्हणाल तर सोसायटीतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं. मुदत संपली की ती रक्कम बँकेत हलवावी असं मी म्हणेन. पण अडीअडचणीला तुमच्याजवळ तेवढीच आहे, दातांसाठी ती संपवू नका.

मी तुमच्या जागी असतो तर आधी सिरॅमिक क्लिपांचा भाव काढला असता. त्या दाताच्याच रंगाच्या असतात, साध्यापेक्षा महाग, पण फोटोत सहसा लगेच डोळ्यांत भरत नाहीत. कमी ट्रेचं अलाइनर पॅकेज ८०,००० च्या आत बसलं तर मात्र अलाइनर घ्या, माझी हरकत नाही. दोन्हींत मागणी एकच करा: सुरुवातीला एक तृतीयांश रक्कम, बाकी थेट दवाखान्याला, दर भेटीला थोडे थोडे, मध्ये फायनान्स कंपनी नको. पहिला हिस्सा पिग्मी (रोज थोडे थोडे भरायची ठेव) चालू असेल तर त्यातून काढा, नसेल तर आजपासून रोज शंभराची सुरू करा, आठ-नऊ महिन्यांत तेवढे जमतात. लग्नाची तारीख अजून ठरलेली नाही, तेव्हा घाई नाही.

दात सरळ झाल्यावर ते मागे सरकू नयेत म्हणून रिटेनर घालावा लागतो, तो हरवतो, मोडतो, नवा करावा लागतो. त्याची किंमत आत्ताच विचारून ठेवा.