टॉन्सिल काढायचे, पण कोणत्या पद्धतीने?

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा. एका डॉक्टरांनी साध्या पद्धतीने टॉन्सिल काढू म्हटलं, दुसऱ्यांनी कोब्लेशन सुचवलं. खर्चात बराच फरक आहे. काय करू? (एक आई, घोडबंदर रोड)

आधी ऑपरेशन लागतंय का ते बघा. ताप आणि गिळताना दुखणं, असा घसा वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा आला असेल, तर विचार रास्त आहे. त्याहून कमी असेल तर थांबा. बऱ्याच मुलांचा त्रास वयाबरोबर ओसरतो.

साध्या पद्धतीत टॉन्सिल आवरणासकट हत्याराने सोडवतात आणि रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधतात. कॉटरीने, म्हणजे विजेच्या उष्णतेने कापलं, तर ऑपरेशनच्या वेळी रक्त कमी जातं, पण उष्णता काहीशे अंशांवर जाते, आजूबाजूचं मांस भाजतं आणि नंतर जास्त दुखतं. कोब्लेशनमध्ये सलाइनमधून रेडिओलहरी सोडतात. ४० ते ७० अंशांतच काम होतं. त्यामुळे सुरुवातीला दुखणं थोडं कमी असतं, पण फरक जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. ब्रिटनमध्ये २००३-०४ मध्ये हजारो ऑपरेशनांची नोंद ठेवली गेली. त्यात नंतरचा रक्तस्राव साध्या पद्धतीत सर्वांत कमी निघाला. कॉटरी आणि कोब्लेशनमध्ये जास्त.

म्हणून डॉक्टरांचा हात ज्या पद्धतीवर बसलाय, तीच घ्या. कोब्लेशनसाठी कर्ज काढू नका. "रात्री रक्त आलं तर कोण भेटेल?" एवढं मात्र नक्की विचारा, आणि हॉस्पिटल असं निवडा की घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या वाहतूक कोंडीत अडकावं लागणार नाही.

प्रश्न : चार वर्षांची मुलगी जोरात घोरते, झोपेत श्वास अडकतो. डॉक्टर म्हणतात, टॉन्सिल पूर्ण न काढता थोडं ठेवू. हे अर्धवट काम नाही का? (ऐरोली)

नाही. घशाच्या स्नायूंवर आवरणाचा पातळ थर राहिला की दुखणं कमी होतं, रक्तस्रावाचा धोकाही घटतो. घोरण्यासाठी ही पद्धत चांगली आहे. क्वचित टॉन्सिल पुन्हा वाढतं, तेवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : ऑपरेशननंतर घशात पांढरे डाग दिसतात. पू झालाय का? (नौपाडा)

पू नाही, ती खपली आहे. तोंडाला वासही येईल. पाणी पाजत राहा आणि पॅरासिटामॉल दुखायला लागायची वाट न बघता डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवर द्या. कोडीन असलेलं औषध बारा वर्षांखालील मुलाला अजिबात नको.

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन ठरलंय. चौथ्या दिवशी चिपळूणला गावी जायचा बेत आहे. चालेल ना? (एक बाबा, कळवा)

कृपा करून जाऊ नका! सुट्टी लागली की हा प्रश्न मला दरवर्षी येतो. खपली पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास सुटते आणि रक्त येण्याची भीती तेव्हाच जास्त. मूल तोवर खेळायला लागलेलं असतं, म्हणून घरचे निर्धास्त होतात. ऑपरेशननंतर दोन आठवडे ठाण्यातच राहा.

रात्री मूल झोपेत सारखे आवंढे गिळत असेल, तर ते रक्त गिळत असू शकतं. दिवा लावा, उठवा, थुंकायला सांगा. काळपट उलटी झाली किंवा थुंकीत लाल दिसलं, तर रक्त थोडं असलं तरी सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. वाटेत पाणीसुद्धा देऊ नका, कारण पुन्हा भूल द्यावी लागू शकते.