बॉनेटची सालं निघतात

प्रश्न : सेकंडहँड लाल गाडी घेतली. छत-बॉनेटवरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) पापुद्र्यासारखा सुटतोय. पॉलिशने भागेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही भागणार, दादा. पॉलिशवाला ‘चकाचक करून देतो’ म्हणेल. पैसे घालवू नका. उन्हाने सुटलेला थर परत धरत नाही. कडेला नख घालून बघा, उचलतोय तिथवर तो गेलाच. ६०० नंबरच्या पाणपेपरने (पाणी लावून वापरायचा सँडपेपर) घासायचं, कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत. मग बेस कोट, म्हणजे रंगाचा थर, वर हार्डनर (थर कडक करणारं रसायन) घातलेला टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायचा क्लिअर. नुसता डागापुरता रंग मारला की जोड दिसतो. अख्खं पॅनल करा. हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक, तोंडाला रुमाल बांधून चालत नाही. त्यामुळे अंगणात उद्योग नको. पेंटरला आधी विचारा, बूथ (रंग फवारायची बंद खोली) आहे का?