आराखडा तयार आहे, पहिले पान कोरे आहे

प्रिय भगिनी,

मुलांसाठी एक चित्रमय गोष्टीचे पुस्तक स्वतः लिहावे आणि स्वतःच रंगवावे, ही इच्छा नोकरी व संसार सांभाळत तुम्ही दहा वर्षे जपली आहे. जलरंग, ब्रश, उत्तम कागद सारे घरात आहे, भिंतीवर रंगीत वेळापत्रक लावलेले आहे आणि तरीही एकही पान पूर्ण झालेले नाही. "ताई, माझ्यात जिद्दच नाही का?" असे तुम्ही विचारले आहे. ज्याच्यात जिद्द नाही, तो एकच इच्छा दहा वर्षे मनात धरून ठेवत नाही. माझ्या मते उणीव तुमच्यात नाही, तुमच्या वेळापत्रकात आहे.

दर रविवारी सलग चार तास काम आणि सहा महिन्यांत पुस्तक तयार, असे तुम्ही ठरवले. पण गेल्या वर्षभरात एका तरी रविवारी असे चार तास मोकळे मिळाले होते का, हे पाहिले नाही. आपण योजना आखतो ती सगळे सुरळीत पार पडेल असे धरून, आणि मागचा अनुभव बाजूला ठेवतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच माणसाच्या या सवयीवर बोट ठेवले होते. मोठमोठे तज्ज्ञही तिच्यातून सुटत नाहीत: 1963 मध्ये पूर्ण व्हायचे ठरलेले सिडनीचे ऑपेरा हाउस 1973 मध्ये खुले झाले आणि खर्च मूळ अंदाजाच्या चौदापटींवर गेला. तेव्हा सहा महिन्यांची मुदत हुकली म्हणून स्वतःला दोष देऊ नका. ती मुदतच चुकीची होती.

रविवार सोडून द्या आणि रोजची वीस मिनिटे धरा, पण "वेळ मिळाला की बसेन" असे मात्र ठरवू नका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 च्या लेखात दाखवून दिले की केवळ निश्चय करणाऱ्यांपेक्षा, अमुक घडले की अमुक करीन असे वेळ-स्थळासह ठरवणाऱ्यांच्या हातून ते काम होण्याची शक्यता बरीच जास्त असते. रात्रीची आवराआवर संपली की त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीवर बसायचे, इतके नेमके ठरवा. सवय अंगवळणी पडायला वेळ लागेल. लंडनमधील एका अभ्यासात, जो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यासाठी सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही असेही दिसले, आणि एक रविवार हुकला की सारा महिना सोडून देणाऱ्या तुमच्यासारखीने हे विशेष लक्षात ठेवावे.

आता त्या वीस मिनिटांत काय करायचे? रंगांना हात लावू नका. साधे आठ कागद घ्या, मधोमध दुमडून एकात एक घाला, की 32 पानांची वही तयार होईल. अशी चित्रपुस्तके बहुधा तेवढ्याच पानांची असतात. ही तुमची डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची नमुना-प्रत. शीर्षकाची आणि छपाईच्या माहितीची पाने वगळून उरलेल्या पानांवर पेन्सिलीने काड्यांची माणसे काढा आणि खाली एकेक वाक्य लिहा. गोष्ट मध्येच कुठे रेंगाळते, पान उलटताना उत्सुकता टिकते की नाही, शेवटाला पाने पुरतात की नाही, हे या ओबडधोबड वहीत जितके स्पष्ट दिसेल तितके मनातल्या सुंदर चित्रांत कधीच दिसणार नाही. महागडा कागद खराब होईल ही तुम्ही लिहिलेली भीतीही इथे उरत नाही.

नातेवाईक व मैत्रिणी सतत "पुस्तक कुठवर आले?" असे विचारतात, याचे तुम्हाला ओझे वाटते. गोलविट्झर आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या प्रयोगांत, आपला संकल्प दुसऱ्याच्या नजरेस आला की माणसे प्रत्यक्ष काम कमी करतात असे आढळले, कारण ध्येयाजवळ पोहोचल्याचे समाधान त्यांना आधीच मिळून जाते. म्हणून संकल्पाविषयी बोलणे काही काळ थांबवा. डमी झाली की ती एखाद्या लहान मुलाला वाचून दाखवा आणि त्याचे लक्ष कोणत्या पानावर उडते तेवढे टिपून ठेवा.

नोकरी सोडावी का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. आज मुळीच नको. वीस मिनिटांचे काम ज्या दिवसांत उभे राहिलेले नाही, त्या दिवसांतून नोकरीचे आठ तास काढून घेतले तर मोकळा वेळ वाढेल आणि त्याबरोबर धास्तीही. डमी पूर्ण करा, दोन पाने रंगवून पाहा आणि एका पानाला खरोखर किती दिवस लागले ते लिहून ठेवा. तो आकडा हाती आल्यावर मला पुन्हा लिहा. मग नोकरीचा विचार आपण त्याच्या आधारे करू.

तुमची,
ताई