१९२० साली आयर्लंडमध्ये कोणत्या महत्त्वाच्या घटना घडल्या?

यादी पटकन देतो; ब्रिटिशांविरुद्धच्या आयरिश स्वातंत्र्ययुद्धाचं ते वर्ष. मार्चमध्ये कॉर्कचे महापौर टोमास मॅककर्टन यांना राहत्या घरी गोळ्या घातल्या. त्यांच्या जागी आलेले टेरेन्स मॅकस्विनी ऑगस्टमध्ये पकडले गेले आणि ७४ दिवसांच्या उपोषणानंतर २५ ऑक्टोबरला लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात वारले. १ नोव्हेंबरला १८ वर्षांच्या केविन बॅरी या स्वातंत्र्यसैनिकाला डब्लिनमध्ये फाशी. २१ नोव्हेंबरला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर सामना चालू असताना पोलिसांनी गोळीबार केला, १४ जण गेले, त्यात मायकेल होगन हा खेळाडूही होता. डिसेंबरात ब्रिटिश दलांनी कॉर्क शहर जाळलं.

असल्या याद्यांत जालंधर मात्र कधी नसतं.

सिमल्याच्या वाटेवर आम्ही डगशाईचं जुनं तुरुंग बघायला थांबलो होतो. बरोबर साडू. दारातच त्यांनी सुरुवात केली, "आयरिशांचं काय कौतुक सांगता? पंजाबचा ओड्वायर आयरिशच होता ना?" होता की, पंजाबचा तेव्हाचा लेफ्टनंट गव्हर्नर, मूळचा आयर्लंडमधल्या टिपरेरीचा. जालियनवाला बागेची पाठराखणही त्यानेच केली. पण त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत, त्याच पंजाबात, जालंधरला, २८ जून १९२० ला ब्रिटिश फौजेतल्या कॅनॉट रेंजर्स या पलटणीच्या आयरिश शिपायांनी हुकूम मानायला नकार दिला. गावाकडे ब्लॅक अँड टॅन्सनी, म्हणजे ब्रिटिशांनी आयर्लंडमध्ये आणलेल्या जादा पोलिसांनी, धुमाकूळ घातलाय आणि आपण इथे त्याच सरकारची चाकरी करतोय, हे त्यांना सहन होईना. बातमी सिमल्याजवळच्या सोलनमधल्या त्याच पलटणीच्या तुकडीत पोचली. तिथे जेम्स डेली हा कोवळा पोरगा पुढे झाला. दारूगोळ्याच्या कोठारावर चाल करताना दोन शिपाई मारले गेले. मृत्युदंड बऱ्याच जणांना सुनावला, पण गोळ्या घातल्या एकट्या डेलीला, २ नोव्हेंबरला, याच डगशाईत. त्याच्या अस्थी मायदेशी जायला १९७० उजाडलं.

हे सगळं ऐकूनही साडूंचं ओड्वायर, ओड्वायर चालूच. अहो, बागेत बंदुका चालवणारे शिपाई गुरखे आणि हिंदुस्थानी होते. तो हिशोब कोण मांडणार? तुमच्याकडेही कोणी एका साहेबावरून अख्खा देश मोजत असेल तर त्याला डेलीचं नाव सांगा.

अर्थात, डेलीने बंड केलं ते आयर्लंडसाठी, आपल्यासाठी नव्हे. आणि क्रोक पार्कच्या दिवशी सकाळी आयरिश बंडखोरांचा नेता मायकेल कॉलिन्स याच्या माणसांनी ब्रिटिश हेरांना घराघरांत गाठून मारलं होतं, तेही सोडू नका. परीक्षेसाठी विचारत असाल तर आयर्लंडच्या फाळणीचा कायदा २३ डिसेंबरचा, तो आधी लिहा.