गाल चार दिवसांत, बोट पंधरा दिवसांत

प्रश्न : सकाळी घाईत कढत पेज प्याले आणि गाल आतून पोळला. तीन-चार दिवसांत बरा झाला, खूणसुद्धा राहिली नाही. त्याच आठवड्यात आदोळीवर नारळ खवताना बोट कापले. ते भरायला पंधरा दिवस लागले आणि वण राहिला तो राहिलाच. नववीतला मुलगा म्हणतो, गालाचे अस्तर आणि कातडीचा वरचा थर एकाच जातीचे. मग हा भेद का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : मुलाला शाबासकी द्या, बाय. दोन्हीकडे स्तरित पट्टकी अभिस्तरच आहे. अभिस्तर म्हणजे शरीराला आतून-बाहेरून झाकणारे पेशींचे अस्तर, आणि स्तरित पट्टकी म्हणजे चपट्या पेशींचे थरांवर थर. कातडीवरच्या पेशी मेलेल्या, केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या आणि कोरड्या, गालातल्या ओल्या. शाळेत मी पोरांना टूथपिकने गाल आतून हलकेच खरवडायला लावायचो. मिथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकला, की सूक्ष्मदर्शकाखाली लाद्यांसारख्या पेशी दिसत, मध्ये केंद्रकाचा निळा ठिपका. एकदा एकाने चूळ न भरताच नमुना दिला. अर्धा तास आम्ही त्याच्या नाश्त्याचे निरीक्षण करत होतो!

आता सांगा, गाल पोळला तेव्हा रक्त आले होते? नसणार. अभिस्तरात रक्तवाहिन्याच नसतात. त्याचे पोषण खालच्या थरातून झिरपून येते. पेजेने वरच्या पेशी मेल्या, पण तळाच्या विभाजन पावणाऱ्या पेशी वाचल्या आणि त्यांनी जागा भरून काढली. तोंडातल्या पेशी कातडीपेक्षा लवकर बदलतात, तोही फायदा. बोटातून मात्र रक्त आले, म्हणजे पाते अभिस्तर ओलांडून खालच्या संयोजी ऊतीत, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या थरात घुसले. तुमचा वण तिथला आहे.

अभिस्तराचा दुसरा प्रकार ‘सरल’. परीक्षेत पोरे त्याचा अर्थ सोपा असा धरून चालतात. सरल म्हणजे पेशींचा एकच थर. फुप्फुसातल्या वायुकोशांना तो तसाच हवा. तिथे तळव्यासारखे जाड अस्तर असते तर प्राणवायू रक्तापर्यंत पोचलाच नसता. लहान आतड्यात उंच, स्तंभीय पेशी अन्नरस शोषतात आणि तीन ते पाच दिवसांत बदलल्या जातात. श्वासनलिकेतल्या रोमक, म्हणजे बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशी धुळीसकट चिकट स्राव वर ढकलतात, तोच आपण खाकरून काढतो. मूत्रपिंडाच्या नलिकांत घनाभरूप पेशी. मूत्राशयाच्या अस्तराची मात्र मला अजून गंमत वाटते : रिकामे असताना वरच्या पेशी फुगीर, भरले की चपट्या. त्याला संक्रमणी अभिस्तर म्हणतात.

पुढे कधी तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांतही भरला नाही, तर पेजेला दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. घरात कुणी तंबाखू खात असेल तर त्यालाही हे वाचून दाखवा.