बोटीवरचा माणूस आणि राजदूत: वाचकांचे प्रश्न

(परराष्ट्र सेवेतून निवृत्त होऊन आता पर्वरीत राहणारे आमचे स्तंभलेखक या महिन्यात आलेल्या पत्रांना उत्तरं देत आहेत.)

साखळीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न: मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, शाळा मराठी माध्यमाची. राजदूत व्हायला काय करावं लागतं?

राजदूतपदाची जाहिरात निघत नाही. काही मोजक्या जागी सरकार सेवेबाहेरची माणसंही पाठवतं, पण तो रस्ता तुमचा-माझा नव्हे. आपला रस्ता यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेचा. कुठलीही पदवी, वय 21 ते 32, खुल्या गटाला सहा संधी. मुख्य परीक्षा मराठीतून किंवा कोंकणीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीचा एक पेपर पास व्हावाच लागतो, फक्त त्याचे गुण क्रमांकासाठी धरत नाहीत. तेव्हा इंग्रजीची धास्ती सोडा, पण रोजचं वाचन सोडू नका.

निवड झाली की मसुरीच्या प्रशासकीय अकादमीत प्रशिक्षण, मग दिल्लीची सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था, आणि मग एक परकी भाषा. ती शिकायला त्या देशात किंवा जवळपास धाडतात आणि तिची परीक्षा दिल्याशिवाय नोकरीत कायम करत नाहीत. पोरं या भाषेकडे अभ्यासक्रमातला एक विषय म्हणून बघतात. अहो, पुढची कितीतरी वर्षं तुम्ही कुठे काढणार, हे पुष्कळदा तीच ठरवते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे 1983 साली सेवेत आले, त्यांच्या वाट्याला जपानी आली आणि पहिली नेमणूक टोकियोला. विजय गोखले चिनी शिकले, पुढे बीजिंगला राजदूत झाले आणि नंतर परराष्ट्र सचिव. तुमच्या घरात आजोबा अजून पोर्तुगीज बोलत असतील तर संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. ब्राझील, अंगोला, मोझांबिक, सगळीकडे ती चालते. तृतीय सचिवापासून, म्हणजे दूतावासातल्या पहिल्या पायरीपासून, राजदूतापर्यंत वीसेक वर्षं धरून चाला.

वास्कोहून: राजदूत आणि उच्चायुक्त यांत मोठा कोण?

कुणीच नाही. राष्ट्रकुलातल्या, म्हणजे मुख्यतः पूर्वीच्या इंग्रजी वसाहतींच्या संघटनेतल्या देशात गेला तर उच्चायुक्त, इतरत्र राजदूत. म्हणून लिस्बनला आपला राजदूत असतो आणि मापुतोला उच्चायुक्त, कारण मोझांबिक कधीही इंग्रजांची वसाहत नसूनही 1995 साली राष्ट्रकुलात गेला. नाव जाहीर करण्याआधी यजमान देशाची संमती गुपचूप घेतात. त्यांनी नकार दिला तर कारण सांगायचं बंधन त्यांच्यावर नाही; 1961 च्या व्हिएन्ना करारात तशी तरतूदच आहे.

बार्देशातून एका बाईंचा प्रश्न: माझे यजमान तारवटी, म्हणजे खलाशी आहेत. बोटीवर काही बरं-वाईट झालं तर राजदूत आमच्यासारख्यांकडे बघतो का?

बाई, गाडीवरचा झेंडा लोकांना दिसतो, पण दूतावासाची खरी परीक्षा तुम्ही विचारलेल्या प्रश्नातच होते. मी द्वितीय सचिव असताना एका बंदराच्या शहरात खलाशांचं काम माझ्या टेबलावर होतं. कुणी वारलं की एक पातळ फाईल उघडायची: तिथला मृत्यूचा दाखला, पोलिसांचा अहवाल, शव टिकवल्याचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट आणि घरच्यांचं संमतीपत्र. पहिले चार कागद धावपळ करून मिळत. अडायचं ते पाचव्यापाशी. बायको म्हणते गावी आणा, भाऊ म्हणतो आधी कंपनीचे पैसे. दोघांची दोन पत्रं यायची आणि पेटी शीतगृहात पडून राहायची.

म्हणून आजच एक करा. यजमानांच्या पासपोर्टची, सीडीसीची (खलाशाच्या नोंदपुस्तकाची) आणि कराराची झेरॉक्स घरी ठेवा. करारात वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचून बघा. बोटीचं नाव आणि ती कुठल्या देशात नोंदलेली आहे, तेही लिहून ठेवा. मालक ग्रीसचा, नोंदणी पनामाची, नोकरी लावणारा एजंट मुंबईचा, असा प्रकार नेहमीचा. फोन करताना "बोट मोठी पांढरी आहे" एवढंच सांगणारी माणसं मला भेटली आहेत! एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा परवाना हवाच.

पैशाची काळजीही थोडी कमी करा. खलाशाला घरी पोचवण्याचा खर्च मालकाचा, असं सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार सांगतो आणि भारताने तो 2015 साली मान्य केला. मालक पळाला आणि माणूस खरोखर निराधार झाला, तर दूतावासाकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. राजदूत त्यातून तिकिटाचे, वकिलाचे, पेटी पाठवण्याचे पैसे देऊ शकतो. मागायला लाजू नका. मात्र थकलेला पगार राजदूत स्वतः वसूल करून देईल अशी आशा धरू नका. तो दबाव आणू शकतो, निवाडा देऊ शकत नाही.

मडगावहून: लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तर परराष्ट्र सेवेत जाता येईल?

नाही. या सेवेला भारतीय नागरिकच लागतो आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही. नुसती जन्मनोंद करायची असेल तरी आधी जाणत्या वकिलाला विचारा, एजंटाला नव्हे.

डिचोलीहून एक आई: लेक परराष्ट्र सेवेचं म्हणते. लग्नाचं कसं होणार? आणि चवथीला तरी घरी येईल का?

सी. बी. मुथम्मा 1949 साली सेवेत आल्या तेव्हा लग्न केल्यास राजीनामा देईन, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. पुढे बढती डावलली म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1979 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बायकांना लग्नासाठी परवानगी मागायला लावणाऱ्या नियमावर सडकून ताशेरे ओढले. आज तुमच्या लेकीला असं काही लिहून द्यावं लागत नाही. खरी अडचण जावयाच्या नोकरीची. दर तीनेक वर्षांनी देश बदलणार, त्याचं बस्तान बसणार कुठे? ते स्थळ बघतानाच स्पष्ट बोला. सेवेतलाच जोडीदार असेल तर दोघांना एका ठिकाणी नेमायचा प्रयत्न होतो, पण दरवेळी जमतंच असं नाही.

चवथीचं म्हणाल तर दरवर्षी नाही. रजा शिल्लक असली तरी त्याच आठवड्यात दिल्लीहून कुणी मंत्री येऊन टपकतो. आफ्रिकेत आम्ही निवासस्थानी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायचो. सुपारीचा घोस मिळायचा नाही, कच्ची पपई आणि केळी मात्र हवी तेवढी. तिला माटोळी बांधायला आत्ताच शिकवून ठेवा.